काटा फेऱ्याफेऱ्याने शिरतो

सोलापूरच्या किंवा नगरच्या माळावर कधी अनवाणी चालला असाल, तर सराटा तुम्हाला ठाऊक आहे. जमिनीलगत पसरणारी, बारीक पानांची, इवल्या पिवळ्या फुलांची ही वनस्पती. तिचे फळ वाळले की त्याच्या पाच फाका होतात. प्रत्येक फाकेला दोन लांब आणि दोन आखूड काटे असतात. फाक कशीही पडो, एक तरी काटा आभाळाकडे तोंड करून राहतो. रोमन लोक शत्रूच्या घोडदळापुढे अशाच चार टोकांचे लोखंडी काटे पसरत. त्या काट्याला आणि या वनस्पतीला लॅटिनमध्ये एकच शब्द आहे, ट्रिब्युलस. आपल्याकडच्या वैद्यांचा गोखरू तो हाच.

हा सराटा मेंढ्यांच्या लोकरीत अडकून अमेरिकेत पोहोचला आणि तिथल्या कोरड्या पश्चिम भागात असा माजला, की तिकडे त्याला ‘पंक्चरवाइन’ म्हणजे पंक्चरची वेल म्हणू लागले. त्याच्या बियांवर आणि खोडावर जगणारे दोन जातींचे सोंडकिडे 1961 साली तिथे मुद्दाम सोडण्यात आले. भारत, इटली आणि फ्रान्स हे त्या किड्यांचे मूळ मुलूख. आयडाहो राज्यातल्या बॉइसी शहरात तर 2018 साली या काट्याच्या नावाने सायकलींचा उत्सव सुरू झाला आणि त्यानिमित्ताने गावकरी ही वेल उपटायला बाहेर पडू लागले.

काट्याची लांबी साधारण अर्धा सेंटिमीटर. शर्यतीच्या रोडबाइकच्या टायरची रस्त्याला टेकणाऱ्या भागातली एकूण जाडी, रबर आणि कापड मिळून, जेमतेम तीन मिलिमीटर. आतली ट्यूब एक मिलिमीटरहूनही पातळ. पाच मिलिमीटरचा काटा आणि तीन मिलिमीटरची भिंत, निकाल आधीच ठरलेला आहे. उलट जर्मनीच्या श्वाल्बे कंपनीच्या ‘मॅरॅथॉन प्लस’ टायरमध्ये नक्षीखाली पाच मिलिमीटर जाडीचा लवचीक रबराचा पट्टाच घातलेला असतो. सराट्याचे टोक त्या पट्ट्यातच संपते.

मग सगळ्यांनी तसलाच टायर का लावू नये?

रबराचा चेंडू हातातून सोडला, तर तो सोडलेल्या उंचीपर्यंत परत येत नाही. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही, थोडी आतच उष्णता होऊन जाते. याला हिस्टेरेसिस म्हणतात. टायरचा प्रत्येक भाग रस्त्याला टेकताना चपटा होतो आणि उचलला जाताना पुन्हा गोल होतो, आणि दर वेळी ही पट्टी तुमच्या पायांतल्या ताकदीतून वसूल होते. रबर जितके जाड, तितकी पट्टी मोठी. स्वार आणि सायकल मिळून 80 किलो आणि वेग ताशी 30 किलोमीटर धरला, तर वेगवान टायर घरंगळवत ठेवायला सुमारे 26 वॉट लागतात, जाड आणि जड टायरला 45 च्या आसपास. फरक वीसेक वॉटचा. तासन्‌तास दीडशे वॉट देत राहणे ही हौशी सायकलस्वाराची चांगली मजल मानली जाते. त्यातला आठवा हिस्सा निव्वळ टायर गरम करण्यात गेला, तर 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेरीला, निघालेल्या माणसाला तो शेवटच्या घाटात नक्की जाणवतो. वजनाचा फरक वेगळाच. शर्यतीचा टायर सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास, तर तो दुसरा पाऊण किलो आणि पुढे.

म्हणजे टायर बनवणाऱ्याला हवे असते असे काहीतरी, जे जाडी न वाढवता टोक अडवील. ही गरज जुनी आहे. बेलफास्टचे जनावरांचे डॉक्टर जॉन बॉयड डनलॉप यांनी 1888 मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले तेव्हा तो टायर चाकाला चिकटवलेला असे. एक पंक्चर काढायला तासन्‌तास जात आणि नंतर डिंक वाळायची वाट बघावी लागे. मिशेलिन बंधूंनी 1891 मध्ये चाकावरून काढता येणारा टायर आणला, तो याच त्रासातून. त्याच वर्षी शार्ल तेराँ त्या टायरवर पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही सुमारे 1200 किलोमीटरची पहिली शर्यत जिंकले. पंक्चर काढणे सोपे झाले, पण टळले नाही.

टळावे म्हणून जो धागा आज टायरमध्ये घालतात, त्याची जन्मकथा मला फार आवडते. अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टेफनी क्वोलेक नावाच्या रसायनशास्त्रज्ञ होत्या. 1964 च्या सुमारास पेट्रोलटंचाईची चिन्हे दिसत होती. मोटारीच्या टायरमधल्या पोलादी तारेऐवजी हलका आणि मजबूत धागा मिळाला तर गाडीचे इंधन वाचेल, म्हणून शोध चालू होता. पुढच्या वर्षी क्वोलेक यांच्या हाती एक द्रावण आले. चांगला धागा देणारी द्रावणे पाकासारखी दाट आणि नितळ असतात, हे मात्र ताकासारखे पातळ आणि गढूळ होते. कोणीही ओतून टाकले असते. सूत काढायच्या यंत्रावरच्या तंत्रज्ञाने तर आधी नकारच दिला, कारण गढूळपणा म्हणजे आत कण असणार आणि यंत्राची बारीक छिद्रे बुजणार. क्वोलेक यांनी नेट धरला. सूत निघाले, आणि वजनास वजन धरले तर ते पोलादाच्या पाचपट मजबूत होते. त्या द्रावणातले लांब रेणू काड्यांच्या पेटीतल्या काड्यांसारखे आपोआप एका दिशेने लागलेले होते, म्हणून ते गढूळ दिसत होते आणि म्हणूनच त्याचा धागा इतका चिवट निघाला. तो केव्हलार. शोधला गेला टायरसाठी, पण जगाला कळला गोळी अडवणाऱ्या जाकिटामुळे.

पुढे याच जातीचे इतर धागे आले. काँटिनेंटल कंपनीच्या वेगवान टायरमध्ये नक्षीखाली व्हेक्ट्रानचा पातळ पट्टा असतो. 4 जुलै 1997 रोजी मार्स पाथफाइंडर हे यान मंगळावर उतरले, ते ज्या फुगलेल्या पिशव्यांवर उड्या घेत थांबले, त्या पिशव्यांचे कापड व्हेक्ट्रानचेच होते. मंगळावरच्या अणकुचीदार दगडांना जे पुरून उरले, ते मुंबई–पुणे रस्त्यालाही पुरेल असे वाटणे स्वाभाविक आहे.

पण इथे मेख आहे. गोळी बोथट असते. ती एकाच वेळी अनेक धाग्यांवर आदळते आणि ते सगळे मिळून तिला धरून ठेवतात. दाभणाचे टोक दोन धाग्यांमधली फट शोधते, धागे बाजूला सारते आणि पलीकडे निघते. गोळी अडवणारे जाकीट बर्फ फोडायचा टोचा अडवेलच असे नाही, ते याचमुळे. टायरमधल्या पट्ट्याचेही तसेच. काचेच्या धारदार कडेला हे धागे कापायला जड जातात, त्यामुळे काचेविरुद्ध पट्टा उत्तम लढतो. बाभळीचा बारीक काटा किंवा केसाएवढी तार मात्र त्याला चकवते.

ही तार येते कुठून? महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरची सालपटे पडलेली असतात. त्या रेडियल टायरच्या पोटात पोलादी तारा असतात. सालपट चिरडले गेले की त्यांचे तुकडे होतात आणि नेमके सायकलवाल्याच्या वाटेच्या पट्ट्यात पसरतात. मला एकदा एकाच चाकात लागोपाठ तीन पंक्चर झाली. दोन ट्यूबा मी बदलल्या, तिसऱ्या वेळी रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने ट्यूबकडे पाहिलेही नाही. टायर उलटा केला, कापसाचा बोळा घेतला आणि टायरच्या आतून हळूहळू फिरवला. एका जागी कापसाचे तंतू अडकले. “साहेब, ट्यूब बदलून काय होणार? चोर घरातच बसलाय,” असे म्हणत त्याने चिमट्याने तारेचा तुकडा ओढून दाखवला. पाच मिलिमीटरही नसेल. तेव्हापासून माझ्या खोगिराखालच्या पिशवीत ट्यूबबरोबर कापूस आणि चिमटा असतो.

पंक्चर ही क्षणात घडणारी गोष्ट वाटते. काही पंक्चर तशी असतातही. 15 जुलै 2012 रोजी टूर द फ्रान्समध्ये पेगेरच्या चढावर कोणीतरी रस्त्यावर चुका टाकल्या. तीसेक स्वारांचे टायर बसले, आदल्या वर्षीचे विजेते कॅडेल इव्हान्स मागच्या चाकाची वाट बघत रस्त्यावर खोळंबले. तेव्हा पिवळ्या जर्सीतल्या ब्रॅडली विगिन्स यांनी संधी न साधता सगळ्या जथ्याचा वेग उतरवला. उभ्या चुकेपुढे जगातल्या उत्तम टायरचाही इलाज चालत नाही. पण आपल्या रोजच्या रस्त्यावर उभ्या चुका थोड्या. काचेचा बारीक कण आधी टायरच्या रबरात नुसता रुततो. तिथून पुढे तो फेऱ्याफेऱ्याने शिरतो.

रोडबाइकच्या चाकाचा घेर सुमारे 2.1 मीटर, म्हणजे किलोमीटरमागे पावणेपाचशे फेरे. मागच्या चाकावर 45 किलो भार आणि टायरमध्ये 100 पीएसआय हवा असेल, तर रस्त्याला टेकणारा भाग सहा-साडेसहा चौरस सेंटिमीटरचा, मोठ्या टपाल तिकिटाएवढा. रुतलेला कण प्रत्येक फेऱ्यात एकदा या तिकिटाखाली येतो आणि आत ठोकला जातो. समजा दहा किलोमीटरमध्ये तो एक मिलिमीटर आत सरकला. तर एका फेऱ्यात तो सरकला मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाएवढाच. सुतार खिळा ठोकतो तसाच प्रकार, पण हातोडीचे घाव हजारो आणि प्रत्येक घाव अगदी हलका. आज घरासमोर बसलेला टायर पुष्कळदा काल, परवा, कधी आठवड्यापूर्वी रुतलेल्या कणाने बसलेला असतो.

पावसाळ्यात हे सगळे वेगाने घडते. कोरडे रबर धारेला घट्ट पकडते आणि कापू देत नाही. ओले रबर सहज कापले जाते, कारण पाणी वंगणाचे काम करते. शिवाय ओल्या टायरला कण चिकटून राहतात आणि पाण्याचा लोंढा रस्त्यावरचा कचरा कडेला, आपल्याच वाटेत आणून टाकतो. मागचे चाक जास्त वेळा बसते, त्यालाही कारणे आहेत. त्याच्यावर भार जास्त, जोर लावणारे तेच असल्याने झीज जास्त, आणि आडवी पडलेली तार पुढच्या चाकाने उडून नेमकी मागच्या चाकापुढे उभी राहू शकते.

हवेबद्दलची समजूत मात्र आता बदलायला हवी. आपण वर्षानुवर्षे 23 मिलिमीटरचे टायर दगडासारखे टणक करून चालवले. मिशेलिनच्या 1898 च्या जाहिरातीत टायरचा बनलेला एक गुबगुबीत माणूस काचा आणि खिळ्यांनी भरलेला पेला उंचावतो. टायर अडथळा पिऊन टाकतो, असा त्याचा अर्थ. हवा थोडी कमी असलेला रुंद टायर खरोखरच तसे करतो. कणाभोवती तो दबतो आणि कण रबरात घुसवण्याऐवजी त्याला सामावून घेतो. उगाच टणक केलेल्या टायरला ते जमत नाही. म्हणून व्यावसायिक शर्यतींतही आता 28 मिलिमीटर आणि त्याहून रुंद टायर दिसतात. अरुंद टायरमध्ये हवा कमी केली, तर मात्र खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. हवा कमी करायची असेल, तर आधी रुंदी वाढवा.

ट्यूबलेसमध्ये टायरच्या आत दुधासारखे द्रव लॅटेक्स असते. भोक पडले की हवेबरोबर ते बाहेर धावते आणि गोठून बूच बसते. बारीक काट्या-तारांवर याच्याइतका चांगला उपाय माझ्या पाहण्यात नाही. सराट्यालाही ते पुरे पडते. मोठ्या चिरेपुढे ते हरते, आणि काही महिन्यांत वाळते. आपल्या उन्हाळ्यात तर लवकरच.

तुमच्याकडे कोणताही टायर असो, त्यातली काच आत पोहोचण्याआधी काढता येते. फेरफटका मारून आलात, की सायकल उजेडात उलटी करा आणि चाक हळूहळू फिरवा. चकाकणारा प्रत्येक कण बोटाने नाही, बारीक टोच्याने उकरून काढा. रबर मधोमध सपाट झाले असेल, झीज दाखवणारे बारीक खळगे दिसेनासे झाले असतील किंवा आतले धागे डोकावत असतील, तर तो टायर बदला. भिंत पातळ झाली की काट्याला फेरे कमी लागतात. या कामाला पाच मिनिटे पुरतात. मागचे चाक आधी बघा.