विद्युत् पिकअप : आडवाटेवरील चालन

मागे उघडा हौदा असलेली व बॅटरीवर चालणारी हलकी मालवाहू गाडी पक्का रस्ता सोडून शेतवाट, पाणंद, नदीपात्र, जंगलवाट इत्यादींवरून नेणे, यास आडवाटेवरील चालन म्हणतात. अशा गाडीत चाकांना मिळणारा जोर, चाकांचे घसरणे आणि ब्रेक यांचे नियंत्रण संगणकाकडे असते. भूमीच्या प्रकारानुसार हे नियंत्रण बदलता यावे म्हणून चालकाला काही ठरीव योजनांपैकी एक निवडण्याची सोय केलेली असते. या योजनांना चालनप्रकार किंवा रूढ भाषेत मोड म्हणतात. प्रस्तुत नोंदीत या विषयाचा विचार मुख्यत्वे मराठवाड्यातील नांदेड व लातूर जिल्ह्यांतील भूमीच्या संदर्भात केला आहे. कारण चालनप्रकाराचा उपयोग कोठवर होतो आणि कोठे संपतो, हे तेथील काळ्या मातीत जितके स्पष्ट दिसते तितके वाळूत किंवा खडकावर दिसत नाही.

या दोन जिल्ह्यांचा बहुतेक भाग दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्ट खडकापासून बनलेल्या मातीने आच्छादिलेला आहे. गोदावरी, मांजरा, तेरणा, मन्याड व लेंडी या नद्यांच्या खोऱ्यांत ती खोल व भारी, तर बालाघाटच्या माथ्यावर उथळ व मुरमाड आहे. भारी जमिनीत अतिसूक्ष्म चिकण कणांचे प्रमाण पुष्कळदा ४० ते ६० टक्के असते व त्यांत माँटमोरिलोनाइट गटातील खनिजांचे प्राबल्य असते. ही खनिजे पाणी शोषून फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. त्यामुळे मे महिन्यात जी जमीन दगडासारखी टणक असून भेगाळलेली असते, तीच जुलैत चाकाला लोण्यासारखी लागते. नांदेडच्या आग्नेयीस देगलूर, बिलोली व मुखेड या तालुक्यांत ग्रॅनाइट व पट्टिताश्म उघडे पडलेले असून तेथे माती रेताड व तांबूस आढळते. उत्तरेस किनवट–माहूर भागात पैनगंगेच्या काठाने डोंगर, घाट व सागाची वने आहेत. एकाच जिल्ह्यात चालकाला तीन प्रकारच्या भूमीशी गाठ घालावी लागते, ती अशी.

चारही चाकांना शक्ती पुरविणारी विद्युत् पिकअप २०२५ अखेरपर्यंत भारतीय बाजारात विक्रीस आलेली नव्हती. अमेरिकेत रिव्हियन कंपनीने सप्टेंबर २०२१ पासून अशी गाडी ग्राहकांना देण्यास प्रारंभ केला. तिच्या एका प्रकारात प्रत्येक चाकास स्वतंत्र मोटर असते. भारतात मे २०२२ मध्ये आलेला टाटा एस ईव्ही हा छोटा मालवाहू ट्रक २७ किवॉ. मोटरीवर चालतो व त्याची फक्त मागील चाके ओढतात. भूमीनुरूप चालनप्रकारांची पूर्ण मालिका जून २०२५ मध्ये आलेल्या हॅरियर ईव्ही या प्रवासी गाडीच्या दोन मोटरींच्या प्रकारात आहे. तीत सर्वसाधारण, गवत व बर्फ, चिखल व चाकोरी, वाळू, खडक आणि चालकाने स्वतः ठरविलेला, असे सहा प्रकार आहेत. पिकअपसाठी पुढे जी योजना येईल ती याच धर्तीची असेल, असे मानण्यास हरकत नाही.

डीझेल एंजिनाला पुरेसा जोर येण्यासाठी विशिष्ट फेऱ्यांपर्यंत पोहोचावे लागते. म्हणून जीपसारख्या गाडीत चिखलात शिरण्यापूर्वी चालक दांडा ओढून चारही चाके जोडून घेतो व खालचा गिअर निवडतो. विद्युत् मोटर थांबलेल्या अवस्थेतूनच पूर्ण परिपीडन, म्हणजे फिरविण्याचा पूर्ण जोर, देऊ शकते आणि तो जोर सेकंदाच्या अल्पांशात कमीअधिकही करता येतो. हा गुण मोठाच आहे, पण काळ्या मातीत तोच घातकही ठरतो. एक ढोबळ हिशेब पाहिल्यास हे कळेल. गाडीचे वजन मालासह २,५०० किग्रॅ. असून ते चारही चाकांवर सारखे विभागले आहे, असे मानू. मोटरीचे परिपीडन ३०० न्यूटन–मीटर, दंतचक्रांनी ते १० पट वाढते व चाकाची त्रिज्या ३५ सेंमी. आहे. अशी मोटर चाकाच्या कडेशी सुमारे ८७० किग्रॅ. भाराइतका रेटा देऊ शकते. ओल्या चिकण मातीवर घर्षण गुणांक ०·२५ धरला, तर चारही चाके मिळून जमिनीला फार तर ६२५ किग्रॅ. इतकाच रेटा देऊ शकतात. केवळ मागील दोन चाके ओढत असतील, तर ३१० किग्रॅ. मऊ मातीत रुतत चालणाऱ्या चाकांना होणारा विरोध वजनाच्या १८ टक्के, म्हणजे ४५० किग्रॅ. धरल्यास दोन चाकांची गाडी जागची हलत नाही आणि चार चाकांची गाडी जेमतेम पुढे सरकते. दोन्ही गाड्यांत मोटरीची शक्ती मात्र गरजेपेक्षा जास्तच असते. जादा शक्ती चाक जागीच फिरविण्यात जाते. फिरणारे चाक मातीचा वरचा थर सारवल्यासारखा गुळगुळीत करते, खाली खड्डा खणते आणि टायरच्या खाचा मातीने बुजवून टाकते. यानंतर घर्षण आणखी घटते.

चालनप्रकार बदलल्याने घर्षण वाढत नाही. ही गोष्ट विक्रेत्यांच्या पत्रकांत सहसा आढळत नाही, म्हणून ती येथे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. उपलब्ध घर्षण वाया जाऊ न देणे एवढेच त्याचे काम. त्यासाठी तो वेगवर्धकाचे पेडल किती दाबल्यास किती जोर द्यावयाचा, चाकाला किती घसरू द्यावयाचे, पुढील व मागील मोटरींत जोर कसा वाटावयाचा आणि पाय उचलल्यावर मोटरीने गाडी किती जोरात आवरावयाची, या चार बाबी बदलतो. गवताच्या प्रकारात पेडल मऊ होते व घसरण जवळजवळ शून्यावर आणली जाते. खडकाच्या प्रकारात गाडी मुंगीच्या पावलाने चढते. टेका सुटलेल्या चाकाला ब्रेक लावून जोर समोरच्या चाकाकडे पाठविला जातो. वाळूत थांबणे हेच मुख्य संकट असल्याने घसरणीस बरीच मुभा असते व गाडीचा वेग टिकविला जातो. चिखलाचा प्रकार या सर्वांत नाजूक आहे. तेथे थोडी घसरण मुद्दाम होऊ दिली जाते, कारण त्यामुळे टायरच्या खाचांतील चिखल फेकला जाऊन खाचा मोकळ्या होतात. जगातील बऱ्याच चिखलांत ही युक्ती लागू पडते. भारी काळी माती मात्र टायरला इतकी चिकटते की खाचा मोकळ्या होण्याऐवजी चाकावर थर चढत जातो व अखेर चाक आणि मडगार्ड यांमधील जागाही भरून जाते. अशा वेळी चिखलाचा प्रकार सोडून गवताचा निवडणे व अत्यंत हळू जाणे हिताचे ठरते. तांबूस रेताड जमिनीवर याच्या उलट अनुभव येतो. देगलूर–बिलोलीकडे पाऊस उघडून काही तास झाले की सर्वसाधारण प्रकारही पुरतो.

चाकोरी ही स्वतंत्र अडचण होय. बैलगाड्या व ट्रॅक्टर यांच्या चाकांनी पाणंदीत पडलेल्या खोल रेघांमधील अंतर पिकअपच्या चाकांशी जुळेलच असे नाही. एक चाक चाकोरीत व दुसरे वरंब्यावर राहिले की गाडी कलते. दोन्ही चाके चाकोरीत उतरली तर मधला उंचवटा पोटाला घासतो. विद्युत् गाडीत पोटाशीच बॅटरी असते. तिच्याखाली संरक्षक पत्रा असला, तरी वाळलेल्या काळ्या मातीचा उंचवटा दगडाइतकाच कठीण असतो. तुरीच्या कापणीनंतर शेतात उभी राहिलेली धसकटे टायर फोडतात.

चालनप्रकार निवडण्यापूर्वीचा निर्णय जाण्याचा की थांबण्याचा असतो, आणि त्यासाठी शेतकऱ्यांची जुनी कसोटी सर्वांत विश्वसनीय आहे. मातीत ओल असूनही ती औजाराला चिकटत नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो व पाडला तर फुटतो, या अवस्थेला वापसा म्हणतात. वापशावर आलेली वाट गाडीला पेलते. वापशापूर्वी ती पेलत नाही. सोयाबीनची काढणी व परतीचा पाऊस यांची गाठ सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये पडते आणि माल घरी आणण्याची घाई नेमकी तेव्हाच असते. ओल्या पाणंदीतून एक जड गाडी गेली की वाट फुटते व मागून येणाऱ्या सर्वांची अडचण होते. शेतात तर पहिल्याच फेरीत मातीचे सर्वाधिक घट्टीकरण होते, त्याचा परिणाम पुढील हरभऱ्याच्या पेरणीवर दिसू शकतो. बॅटरीमुळे विद्युत् पिकअप तेवढ्याच डीझेल गाडीपेक्षा जड असते, ही बाब येथे विसरता येत नाही. [→ मृदा].

ऊर्जेचा हिशेबही काळ्या मातीत वेगळा होतो. वर मानलेल्या गाडीस डांबरी रस्त्यावर चाकांचा विरोध ४० किग्रॅ.च्या आत असतो. तो पार करण्यास दर किमी.ला सुमारे ०·१ युनिट वीज लागते. चिखलात ४५० किग्रॅ. विरोधासाठी सुमारे सव्वा युनिट लागते आणि ३० टक्के घसरण धरल्यास ते पावणेदोनपर्यंत जाते. फलकावर दिसणारे शिल्लक अंतर मागील प्रवासाच्या सरासरीवरून काढलेले असते. लातूरहून डांबरी रस्त्याने आलेल्या गाडीचा फलक शेवटच्या ५ किमी. पाणंदीबद्दल काहीच सांगू शकत नाही.

पाय उचलल्यावर मोटर जनित्राप्रमाणे वागून गाडी आवरते व वीज परत बॅटरीत घालते. माहूरच्या घाटात उतरताना हे फार उपयोगी पडते. ब्रेक तापत नाहीत. पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परत येणारी वीज ठेवण्यास जागा नसते आणि हे आवरणे दुबळे होते. म्हणून उंचावरील गावी मुक्काम असल्यास बॅटरी काठोकाठ न भरणे बरे. निसरड्या उतारावर मात्र हेच आवरणे चाकांना फरपटवू शकते. तेथे ते सर्वांत कमी ठेवावे लागते.

ऑगस्ट २०२५ मध्ये अतिवृष्टीने मुखेड तालुक्यातील लेंडीकाठची गावे पाण्याने वेढली गेली व बचावासाठी लष्कर बोलवावे लागले. पाण्यातून जाण्याबाबत विद्युत् गाडीविषयी दोन विरुद्ध गैरसमज आहेत. पाण्याने विजेचा धक्का बसेल ही भीती बहुतांशी निराधार आहे, कारण बॅटरी मोहोरबंद असते व दोष आढळताच प्रवाह आपोआप तोडला जातो. हवा ओढणारे एंजिन नसल्यामुळे कितीही पाण्यातून जाता येईल हा समज अधिक धोकादायक होय. ५ मी. लांब व १·८ मी. रुंद गाडीचे पोट ३० सेंमी. बुडाले, तर आत पाणी शिरेपर्यंत तिला २,००० किग्रॅ.हून अधिक जोर वर उचलू शकतो. चाकांवर जेमतेम काहीशे किग्रॅ. भार उरतो आणि फरशी पुलावरून वाहणारे पाणी तिला सहज बाजूला सारते. यावर कोणताही चालनप्रकार उपाय नाही.

रुतलेली गाडी काढताना पहिली गोष्ट पेडलवरून पाय काढणे ही होय. टायरमधील हवा कमी केल्यास टेका वाढतो. मात्र पक्क्या रस्त्यावर परतताच ती पुन्हा भरावी लागते. चाकासमोरील माती खोऱ्याने काढून तुराट्या, पऱ्हाट्या किंवा उसाचे पाचट आडवे अंथरतात व खडकाच्या प्रकारात गाडी हळू मागे घेतात. आलेल्या मार्गानेच परतणे पुढे जाण्यापेक्षा सोपे असते. दोर लावताना तो निर्मात्याने दिलेल्या हुकालाच बांधावा, पोटाखालील चौकटीला नव्हे. कारण तिला बॅटरी जोडलेली असते. चाके फिरत राहू देऊन ट्रॅक्टरने ओढू नये, कारण बहुतेक विद्युत् गाड्यांत चाके मोटरींशी कायम जोडलेली असतात व ओढताना त्या वीज निर्माण करू लागतात. त्या दिवशीच चाकांच्या आतील बाजूची माती धुऊन काढावी. एकदा वाळली की ती छिन्नीनेच निघते व तोवर चाक डगमगत राहते.