वाचताना अक्षरे हलतात? रंगीत चष्म्याआधी हे पाहा

वाचताना ओळी हलणे, पांढरा कागद डोळ्यांत खुपणे, अर्ध्या पानातच कपाळ दुखणे, या तक्रारी मोठ्या माणसांतही बऱ्याच असतात. कोराडीत आमच्या मोहल्ल्यातल्या एक आपा फजरनंतर तिलावतीला बसल्या की जेर-जबर एकमेकांत मिसळतात म्हणतात. वीजकेंद्रात रात्रपाळी करणारे एक भाईजान पडद्यावरचे आकडे पाहून घरी येतात ते डोके धरूनच. दोघांनाही कुणीतरी फिकट रंगाच्या काचांचा चष्मा सुचवला. खर्चाचा आकडा ऐकून दोघे आमच्याकडे आले, कारण शिक्षकाला सगळे ठाऊक असते हा मोहल्ल्याचा जुना गैरसमज!

रंगीत काचांची ही कल्पना १९८३ मध्ये अमेरिकेतील मानसतज्ज्ञ हेलन अर्लेन यांनी पुढे आणली. त्यांचे सुरुवातीचे काम वाचनात अडखळणाऱ्या प्रौढांबरोबरच होते. पुढे इंग्लंडमधील संशोधक अर्नोल्ड विल्किन्स यांनी त्यामागचे कारण मांडले. छापील ओळी म्हणजे काळे-पांढरे पट्टे. काहींच्या मेंदूतील दृष्टीचा भाग अशा पट्ट्यांनी जास्त उत्तेजित होतो आणि ज्याला जो मानवेल त्या रंगाने तो शांत होतो, असे त्यांचे म्हणणे. आम्हाला ते पटण्याजोगे वाटते. शिरोरेषेची मराठी ओळ तर आधीच आखलेला पट्टा!

पण पटणे वेगळे, सिद्ध होणे वेगळे. २०१६ मध्ये ब्रिटनमधील तज्ज्ञांनी तोवरचे प्रयोग एकत्र तपासले. बहुतेक प्रयोगांची रचनाच कच्ची निघाली, आणि वाचन सुधारण्यासाठी रंगीत काचांची शिफारस करता येत नाही असा निष्कर्ष निघाला. नवा चष्मा लावला की बरे वाटेल या आशेनेच थोडे बरे वाटते, हीच यातली मोठी अडचण. मोबाइलच्या निळ्या प्रकाशापासून वाचवणाऱ्या काचांचेही तेच. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात १७ चाचण्या पाहिल्या गेल्या. साध्या काचेपेक्षा त्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असे दिसले नाही.

एक अपवाद मात्र सांगायला हवा. अर्धशिशी असणाऱ्या, उजेड सहन न होणाऱ्या काहींना रंगीत काचांनी, विशेषतः गुलाबीसर छटेच्या, आराम पडल्याचे छोटे अभ्यास आहेत. भाईजानना अर्धशिशी आहेच, तेव्हा डॉक्टरांशी बोलून त्यांनी हा प्रयोग करायला आमची हरकत नाही.

आपांचे प्रकरण निराळे होते. वय त्रेचाळीस! मराठीत वयालाही चाळिशी म्हणतात आणि चष्म्यालाही, ते उगाच नाही. या वयात डोळ्यातले भिंग ताठ होऊ लागते, जवळचे धूसर होते, मग डोळे ताणून डोके दुखते. सरकारी दवाखान्यात तपासल्यावर त्यांना जवळचा साधा नंबर निघाला. रंगीत काचेने हा नंबर भरून निघाला नसता. साखरेचा आजार असेल तर नंबर मागेपुढे होतो, पडद्यामागचे नुकसान तर सुरुवातीला जाणवतही नाही. त्यांनी दरवर्षी डोळे तपासावेतच. दिव्याभोवती वलये दिसून डोळा दुखू लागला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

रंग करूनच पाहायचा असेल तर दुकानातली फिकट रंगाची पारदर्शक प्लास्टिक फाइल पानावर ठेवून पंधरा दिवस वाचा. फरक पडला तर उत्तम, नाही तर पाच-दहा रुपये गेले. त्याहून सोपे म्हणजे वाचायच्या ओळीच्या वरखाली कार्ड धरणे, नस्तालीकचे दाटीचे पान मोठे करून पिवळसर कागदावर झेरॉक्स काढणे, ट्यूबलाइटची चकाकी पानावर पडणार नाही असे बसणे. मे महिन्यातल्या नागपुरी उन्हात काळा चष्मा जरूर लावा, पण घरात नको; सतत अंधारात राहिलेल्या डोळ्यांना उजेड आणखी खुपतो.

आणि नागपुरात मेयोला किंवा मेडिकलला तपासायला जाल तेव्हा रोजचे वाचायचे पुस्तक बरोबर न्या, ते किती लांब धरता हे डॉक्टरांना दाखवा. रेहलवर ठेवलेला मुसहफ आणि हातातला मोबाइल यांचे अंतर सारखे नसते.