येशू होता की नव्हता?

नाताळच्या सुटीत आमच्या मानवतच्या विहारात चांगलाच वाद रंगला. कॉलेजात जाणारा एक मुलगा म्हणाला, "येशू नावाचा माणूस झालाच नाही. सगळ्या भाकडकथा." पोरांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही हसलो. तेवढ्यात मागून एक मावशी म्हणाल्या, "उद्या कुणी बुद्धाबद्दल असंच म्हणलं, तर काय सांगशील बाळा?" सगळे गप्प.

वाचकहो, आम्ही पडलो कारकून. पावतीशिवाय खर्च मंजूर नाही, हा आमचा खाक्या. तोच इथे लावला.

येशूच्या हातचा एकही कागद नाही. पण पौलाची पत्रे क्रूसानंतर वीस-तीस वर्षांतली आहेत आणि येशूचा भाऊ याकोब याला भेटल्याचे तो स्वतः लिहितो. यहुदी इतिहासकार जोसेफसने इ.स. ९३ च्या सुमारास येशूचा उल्लेख केला. त्यातला एक उतारा नंतर कुणीतरी फुगवला, हेही खरे. पुढे इ.स. ११६ च्या सुमारास रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो, की पिलाताने ख्रिस्ताला देहदंड दिला. हा गृहस्थ ख्रिस्ती लोकांना नावे ठेवणारा. विरोधकाच्या वहीतली नोंद आम्ही जास्त वजनाची धरतो. म्हणून बहुतेक अभ्यासक हा माणूस झाला असे मानतात. तो पाण्यावरून चालला का, हा प्रश्न निराळा.

आता बुद्ध. १९व्या शतकात सेनार आणि केर्न या युरोपीय पंडितांना बुद्धचरित्रात सूर्याची कथा दिसली होती. १८९६ साली लुंबिनीला अशोकाचा स्तंभलेख सापडला. राज्याभिषेकानंतर वीस वर्षांनी राजा स्वतः तिथे आला, शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले म्हणून त्याने दगड उभारला आणि गावाचा सारा कमी करून आठव्या हिश्श्यावर आणला. ही साऱ्याची ओळ आम्हाला फार आवडते. मात्र हा लेखही बुद्धानंतर शे-दोनशे वर्षांनंतरचा. म्हणजे अंतर मोजले तर येशूची पावती जवळची निघते! हे ऐकून पोरगा चपापला.

बाबासाहेबांनी तर 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ च्या ग्रंथात म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून केलेल्या गृहत्यागाची कथाच नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर हे पाहिले नसेल? त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला शाक्य-कोलियांचा तंटा हे कारण मांडले.

"आणि त्याची पावती?" पोराने लगेच विचारले. तंटा पाली अट्ठकथांत आहे, पण तिथे तो बुद्धत्वानंतरचा, आणि बुद्ध तो मिटवतात. मावशी म्हणाल्या, "मग पुढच्या रविवारी त्याच्यावर बसू."