पाठीवर घर घेतलेला पिकअप

गोगलगाय आपले घर पाठीवर घेऊन हिंडते. अमेरिकेत काही माणसेही तसेच करतात. पिकअप ट्रकच्या मोकळ्या हौद्यात बसेल अशी एक लहानशी खोली तिथे विकत मिळते. तिच्यात बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, सारे काही असते. तिला ‘ट्रक कॅम्पर’ म्हणतात. खोलीच्या चार कोपऱ्यांना चार जॅक असतात. त्यांच्यावर खोली उचलून धरायची, ट्रक मागे घेत तिच्याखाली आणायचा आणि जॅक उतरवून ती हौद्यात टेकवायची. मुक्कामी पोचल्यावर खोली तशीच उतरवून ठेवली की ट्रक पुन्हा मोकळा!

काही वर्षांपूर्वी आम्ही संशोधनानिमित्त कोलोरॅडो राज्यात राहत होतो. शेजारच्या निवृत्त दांपत्याने एक जुना कॅम्पर घेतला आणि “आमच्या ट्रकला हा झेपेल का?” असे आम्हाला विचारले. प्रश्न साधा वाटला, पण उत्तर शोधताना शाळेतले जवळजवळ सगळे यंत्रशास्त्र कामाला आले. तोच हिशेब इथे मांडत आहोत. सोयीसाठी आकडे थोडे गोळाबेरीज करून घेतले आहेत.

आधी वजन

ट्रकच्या दाराच्या चौकटीवर कारखान्याने एक पट्टी चिकटवलेली असते. सर्व भारासह ट्रकचे वजन जास्तीत जास्त किती असावे, प्रत्येक आसावर किती भार चालेल आणि टायरमध्ये हवेचा दाब किती हवा, हे तिच्यावर लिहिलेले असते. आमच्या शेजाऱ्यांच्या ट्रकची एकूण मर्यादा ४,००० किलो होती. इंधनाने भरलेला रिकामा ट्रक २,७०० किलोंचा होता. माहितीपत्रकात कॅम्परचे वजन ९५० किलो दिले होते. म्हणजे अजून ३५० किलो शिल्लक!

पण माहितीपत्रकातले वजन रिकाम्या खोलीचे असते. टाकीत १५० लिटर पाणी, म्हणजे १५० किलो. गॅस, बॅटरी, भांडी, कपडे आणि शिधा यांचे १०० किलो धरा. कॅम्पर झाला १,२०० किलोंचा. दोन माणसांचे १४० किलो वेगळे. बेरीज ४,०४० किलो, म्हणजे मर्यादेबाहेर.

अशा वेळी लोक पाट्यांना जोड देण्यासाठी हवेच्या पिशव्या बसवतात. मागचा भाग उचलला जातो, ट्रक सरळ दिसू लागतो आणि प्रश्न सुटला असे वाटते. पण पिशव्यांनी ब्रेक, आस किंवा टायर यांची ताकद वाढत नाही. खरा उपाय सोपा होता. निघताना टाकीत ४० लिटरच पाणी घ्यायचे आणि उरलेले मुक्कामी भरायचे. वजन ३,९३० किलोंवर आले.

मग वजनाची जागा

एकूण वजन मर्यादेत आले म्हणजे काम संपले असे नाही. ते वजन कुठे पडते हेही पाहावे लागते. इथे तरफेचा नियम लागू होतो. दोन आसांमधले अंतर ३.६ मीटर आहे. माणसांसह ट्रकचा भार पुढच्या आसावर १,६३० आणि मागच्या आसावर १,२१० किलो आहे. आता १,०९० किलोंचा कॅम्पर ठेवू.

कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या १० सेंटिमीटर पुढे असेल, तर पुढच्या आसाच्या वाट्याला १,०९० × ०.१ ÷ ३.६, म्हणजे सुमारे ३० किलो येतात. उरलेले १,०६० किलो मागच्या आसावर. एकूण भार पुढे १,६६० आणि मागे २,२७० किलो.

तोच गुरुत्वमध्य आसाच्या ४० सेंटिमीटर मागे गेला तर? मागचा आस टेकू बनतो आणि सीसॉप्रमाणे ट्रकचे नाक उचलले जाऊ लागते. पुढचा भार १२१ किलोंनी घटून १,५०९ होतो आणि मागचा २,४२१ वर जातो. मागच्या आसाची मर्यादा २,४०० किलो होती, ती ओलांडली गेली. वळण घेण्याचे काम पुढची चाके करतात, तीही हलकी झाली. एकूण वजनात मात्र एका किलोचाही फरक पडलेला नाही!

म्हणूनच भाराचा गुरुत्वमध्य हौद्यात कुठून कुठपर्यंत चालेल, हे कारखानदाराने मालकाला सांगितले पाहिजे असा तिथे केंद्रीय नियम आहे. हिशेबानंतर भरलेला ट्रक वजनकाट्यावर नेऊन दोन्ही आस वेगवेगळे तोलावेत. कागदावरच्या चुका काटा दाखवतो.

उंचीचा धोका

ट्रकचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.७ मीटरवर आणि कॅम्परचा १.६ मीटरवर धरू. दोन्ही मिळून तो कुठे येईल?

(२,८४० × ०.७ + १,०९० × १.६) ÷ ३,९३० = ०.९५ मीटर.

डाव्या व उजव्या चाकांतले अंतर १.७ मीटर आहे, म्हणजे निम्मे ०.८५. निम्म्या अंतराला उंचीने भागले की गाडी कलंडण्याबाबत किती स्थिर आहे ते कळते. रिकाम्या ट्रकसाठी हे गुणोत्तर १.२१ येते आणि भरलेल्यासाठी ०.८९. रिकामा ट्रक सुमारे ५० अंश कलला तरी उलटणार नाही, भरलेला ४२ अंशांवर उलटेल. ५० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर उलटण्याचा वेग ताशी ८८ किलोमीटरवरून ७५ वर येतो. प्रत्यक्षात तो आणखी कमी असतो, कारण पाटे आणि टायर दबतात, गाडी बाहेरच्या बाजूला झुकते आणि गुरुत्वमध्यही तिकडे सरकतो. मग मार्ग दोनच उरतात. जड सामान तळाशी ठेवायचे आणि वळणावर वेग आधीच कमी करायचा.

घट्ट बांधणे का?

ट्रकचा ब्रेक लागला तरी जडत्वामुळे कॅम्पर पुढेच जाऊ पाहतो. दर सेकंदाला वेग ७ मीटर प्रतिसेकंदाने घटत असेल, तर कॅम्परला थोपवायला १,०९० × ७, म्हणजे सुमारे ७,६०० न्यूटन बल लागते. हौद्यात गुळगुळीत प्लॅस्टिकचे अस्तर असून घर्षणगुणांक ०.३ असेल, तर घर्षणातून जेमतेम ३,२०० न्यूटन मिळतात. रबराची चटई घालून तो ०.६ झाला, तर ६,४०० मिळतात. उरलेला भार चार कोपऱ्यांतल्या साखळ्यांनी आणि पुढे ठोकलेल्या लाकडी अडणीने पेलायचा असतो. साखळ्यांचे टोक पातळ पत्र्यात न अडकवता चॅसीला जोडलेल्या मजबूत कड्यांत अडकवावे. थोडे अंतर गेल्यावर थांबून ताण पुन्हा तपासावा, कारण धक्क्यांनी कॅम्पर जागेवर बसतो आणि साखळ्या सैल होतात.

टायर आणि ब्रेक

हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, वाकण्याने तापतो आणि शेवटी फुटतो. म्हणून टायरवर लिहिलेली भारक्षमता पाहावी आणि तो गार असतानाच हवा तपासावी.

ब्रेकचा हिशेब ऊर्जेचा आहे. डेन्व्हरच्या पश्चिमेला महामार्ग सुमारे ३,४०० मीटर उंचीवरच्या बोगद्यातून जातो. डेन्व्हर आहे १,६०० मीटरवर. ३,९३० किलोंचा ट्रक हे १,८०० मीटर उतरताना ६९ मेगाज्यूल स्थितिज ऊर्जा गमावतो. एवढ्या ऊर्जेत २०० लिटर गार पाणी उकळीला येईल! काही ऊर्जा हवेच्या विरोधात आणि चाकांच्या घर्षणात जाते. उरलेली सगळी ब्रेकवर टाकली तर ते तापून निकामी होतात. खालचा गिअर टाकला की पुष्कळसा भार इंजिन उचलते. आपल्या घाटांतल्या ‘उतारावर गाडी न्यूट्रल करू नका’ या सूचनेमागे हेच कारण आहे.

वर्गात करून पाहा

एका फळीवर खेळण्यातला ट्रक आडवा ठेवा. तो घसरू नये म्हणून खालच्या चाकांना बारीक पट्टीचा आधार द्या. फळीची एक बाजू हळूहळू उचला आणि ट्रक कोणत्या कोनावर उलटतो ते मोजा. मग हौद्यात साबणाची वडी आधी आडवी आणि नंतर उभी बांधून तेच करा. वजन तेच, पण कोन बदलेल. दुसऱ्या प्रयोगात ट्रकची पुढची चाके एका तराजूवर आणि मागची दुसऱ्या तराजूवर ठेवा. वडी मागे सरकवत न्या आणि पुढचा तराजू कधी हलका होऊ लागतो ते पाहा.

आमच्या शेजाऱ्यांनी काट्यावरची पावती हाती येईपर्यंत प्रवास दोन दिवस पुढे ढकलला. कॅम्पर आपल्याकडे फारसे दिसत नाहीत. पण ऊस, कडबा किंवा लग्नाचे वऱ्हाड वाहणारे पिकअप रोज दिसतात. हौद्याच्या फळीबाहेर लोंबणारा भार आणि टपाच्याही वर गेलेली चळत पाहिली, की आपल्या विद्यार्थ्यांनी मनाशी हाच हिशेब करावा. आणि जमल्यास चालकालाही सांगावा.