नवउद्योगाचा आराखडा

२०२२ सालीं महाराष्ट्र शासनाच्या स्टार्टअप यात्रेंत जिल्ह्याजिल्ह्यांतून नवउद्योजकांच्या कल्पनांची स्पर्धा झाली. जिल्ह्यांतील पहिलें पारितोषिक २५,००० रुपयांचें होतें. एवढ्या रकमेंत कारखाना उभा राहत नाहीं. मग जळगांव-धुळ्याच्या तरुणानें अशा स्पर्धेंत उतरावें तें कशासाठीं?

एक उदाहरण घेऊं. केळीचा घड उतरला कीं खोड निरुपयोगी ठरतें. तें काढून टाकण्यासही शेतकऱ्यास मजुरी द्यावी लागते. या खोडापासून धागा निघतो. तो विकूं, ही झाली कल्पना. परीक्षक विचारतील, धागा घेणार कोण आणि कोणत्या भावानें? शिवाय खोडांत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतें. रावेरच्या मळ्यांतून तें धुळ्याच्या कारखान्यांत नेणें म्हणजे पाण्याचें भाडें भरणें नव्हे काय? या एका प्रश्नासरशीं यंत्रच बांधावर न्यावें लागतें आणि खर्चाचे सारे आंकडे फिरतात.

म्हणून अर्जापूर्वीं शेतकरी आणि गिऱ्हाईक दोघांसही भेटावें; मजुरी, वीज, वाहतूक व उधारी मांडावी; भांडवल किती महिने पुरेल तेंही लिहावें.

आराखडा बदलण्यांत कमीपणा नाहीं. भवरलाल जैन यांनीं १९७८ सालीं जळगांवांत केळीच्या भुकटीचा जुना कारखाना घेतला. पण त्यांत काढलें तें पपईच्या चिकापासून पपेन.

बक्षीस थोड्यांनाच मिळतें. परंतु अडचणीचा प्रश्न कर्ज काढण्यापूर्वींच कोणी विचारला, तर घरची पुंजी वांचते. आणि हा लाभ हरणाऱ्यासही मिळतो.