हापसा बिघडला, तर वाट कुणाची पाहायची?

गावचा हापसा बंद पडला की पहिली झळ कोणाला बसते, हे तुम्हाला सांगायला नको. पहाटेच कळशा घेऊन मायलेकी ओढ्याची वाट धरतात. तालुक्याला निरोप जातो. गाडी येईतो आठवडा उलटतो. शेवटी मेस्तरी येतो, आणि बदलतो काय? एक वायसर!

एवढ्याशा वायसरापायी साऱ्या गावाने तहानलेले का राहावे? याचे उत्तर हापशाच्या घडणीतच आहे.

प्रथम खेड्यात बसवलेले हापसे ओतीव लोखंडाचे होते. परदेशात एका घरच्या अंगणासाठी घडवलेल्या पंपांची ती नक्कल. आपल्याकडे मात्र एकेका हापशावर शेकडो माणसांची रांग! ते टिकणार कसे? १९७४ च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली, तेव्हा चारांपैकी तीन हापसे बंद आढळले.

यावर तोड निघाली ती आपल्याच महाराष्ट्रात. जालना व सोलापूर येथे विंधन विहिरींचे काम करणाऱ्या मिशनच्या मंडळींनी पोलादी हापसा घडवला. दांड्याचे अनेक सांधे काढून एकच आस ठेवला, आणि गज साखळीला टांगला. सोलापूरचा हा हापसा पायाशी धरूनच पुढे 'इंडिया मार्क दोन' तयार झाला. त्याचे मोजमाप भारतीय मानकात बांधून दिले. त्यामुळे कोणत्याही कारखान्याचा सुटा भाग कोणत्याही गावच्या हापशाला बसू लागला. ही सोय लहान समजू नका!

तरी एक अडचण उरली. दट्ट्या असतो खाली सिलिंडरमध्ये, आणि उभे नळ त्याहून अरुंद. म्हणून वायसर बदलायचा तर सगळे नळ उपसावे लागतात. तीस मीटर खोलीला तीन-तीन मीटरचे दहा नळ! नळ आणि गज मिळून वजन क्विंटलच्या वर. त्याला खास अवजारे लागतात आणि चार माणसे.

१९८३ पासून कोइमतूरजवळच्या गावांत यावर प्रयोग झाले आणि 'मार्क तीन' आला. युक्ती साधी आहे. नळच ६५ मिलिमीटरचे, म्हणजे दट्ट्या जाईल एवढे रुंद केले. आता नळ जागच्या जागी राहतात. गज वर ओढला की दट्ट्या आणि खालची झडप दोन्ही हाती येतात. गावातला शिकलेला गडी आणि एक मदतनीस, एवढ्यांत काम भागते.

तुम्ही म्हणाल, मग सगळीकडे हाच का नाही? कारण उघड आहे. रुंद नळ दुप्पट जड, म्हणून महागही. तीस मीटरपर्यंत तो सोयीचा, त्याहून खोल पाण्याला मार्क दोनच बरा. जुन्याचा नवा करायचा तर नळ, सिलिंडर आणि वरची टाकी बदलावी लागते. म्हणून हापसा बसतानाच विचारा: कोणत्या जातीचा? किती खोल? वायसर बदलायला नळ काढावे लागतील का? ही माहिती वहीत लिहून ठेवा. पुढे मेस्तरी बदलला तरी वही बोलेल.

आणि बिघाड ओळखायला मेस्तरी कशाला हवा? हापसा अर्धा तास थांबवून मग मारा. पाच टोल्यांत पाणी आले नाही, तर खालची झडप किंवा नळ गळतो असे समजा. मग मिनिटाला चाळीस टोल्यांच्या बेताने बादली भरा. चांगला हापसा बारा ते पंधरा लिटर देतो. दहाही भरेनात, तर वायसर झिजले. साखळीला ग्रीस द्या, बोल्ट आवळत राहा. वायसरांचा एक जोड गावातच ठेवा.

आता पुष्कळ गावांत त्याच विंधन विहिरीत सौर पंपही सोडतात, आणि वर हापसाही राहतो. टाकी भरली तर नळाला पाणी. आभाळ झाकोळले किंवा पंप जळाला, तर हापसा आहेच. जुने मोडून नवे आणण्यापेक्षा जुन्यावर नवे चढवणे शहाणपणाचे.

एक शेवटची गोष्ट. पाना चालवायला बहुधा पुरुषाला शिकवतात, पण हापसा कुरकुरू लागला हे आधी कळते ते पाणी भरणाऱ्या बाईला. मग पाना तिच्याच हाती का देऊ नये? येत्या ग्रामसभेत हा विषय काढा. हापसा गावाचा आहे, तर त्याची किल्लीही गावातच असू द्या.