सारातहकुबी व खेडा जिल्ह्यांतील सत्याग्रह

धान्य वांटणाऱ्या मंडळानें साऱ्याची चर्चा कां करावी, असें कांहीं दात्यांस वाटेल. परंतु पीक बुडालेल्या घरून सारा वसूल झाला, तर त्या घरीं पोंचविलेलें दान रयतेच्या पोटांत जात नाहीं, हा अनुभव जुना आहे.

गुजराथेंतील खेडा जिल्ह्यांत १९१७ सालीं अतिवृष्टीनें पिकें बुडालीं. त्या काळच्या नियमाप्रमाणें सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक धरून पाहणी होई, व पीक चार आण्यांच्या आंत आल्यास त्या वर्षाचा सारा तहकूब व्हावयाचा. नियम चांगला, पण आणे मोजणारा व सारा घेणारा एकच! रयत म्हणे चार आण्यांहून कमी, अधिकारी म्हणत अधिक. कायदे कौन्सिलांतून विठ्ठलभाई पटेल व गोकुळदास पारेख यांनीं दाद मागितली, भारत सेवक समाजाच्या सभासदांनीं चौकशी केली. पंचांकडून निवाडा व्हावा, एवढी मागणीहि नाकारली गेली.

तेव्हां २२ मार्च १९१८ रोजीं नडियाद येथें गांधीजींच्या नेतृत्वाखालीं सारा न भरण्याची प्रतिज्ञा झाली. तींतील एक कलम जमीनदार वाचकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावें. ज्यांस भरण्याचें सामर्थ्य होतें त्यांनींहि सारा रोखून धरिला. कारण त्यांनीं भरला तर घाबरलेला गरीब शेजारी चीजवस्तू विकून किंवा कर्ज काढून भरील. जिल्ह्यांत तहकुबी मिळाल्यास आपला सारा आपण चुकता करूं, असेंहि त्यांनीं कबूल केलें. पुढें जप्त्या आल्या. गुरें गेलीं, कोठें उभें पीकहि गेलें. शंकरलाल पारीख यांच्या कुळानें त्यांच्या जमिनीचा सारा भरून टाकिला, तेव्हां पारीखांनीं ती जमीनच धर्मादाय देऊन टाकिली.

जून १९१८ मध्यें, सधनांनीं भरावें व गरिबांस तहकुबी मिळावी, असें ठरलें. गांधीजींस हा शेवट गोड वाटला नाहीं. गरीब कोण, हें ठरविणें रयतेच्या हातीं आलें नाहीं, व लाभ फारच थोड्यांस झाला. द्रव्याची उणीव मात्र कधींच पडली नाहीं. मुंबईच्या व्यापाऱ्यांनीं इतकें पाठविलें कीं अखेरीस शिल्लक उरली.

जे जमीनदार यंदाचा खंड आपल्या कुळांस तहकूब किंवा माफ करतील, त्यांनीं तसें मंडळास कळवावें. ती रक्कम आम्ही अहवालांत देणगीच्या सदरीं मांडूं.